हात लावून पाहावे



कामगार चळवळीतल्या माणसाला वसंत व्याख्यानमालेत उभे केले की तो मजुरी, बोनस आणि संप यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि ती रास्तही आहे. आज मात्र आम्ही त्या समजुतीला थोडा धक्का देणार आहोत. आमचा विषय आहे स्पर्श. अधिक नेमके सांगायचे तर वस्तूंचा पोत, तो ओळखणारा माणसाचा हात, आणि या दोहोंवर गडचिरोलीत आम्ही काही मंडळींनी उभे केलेले एक लहानसे प्रदर्शन. आम्ही कलेचे जाणकार नव्हे. शाळेशी आमचा संबंध सातवीपर्यंतचा. पुढचे शिक्षण बांबूच्या कूपात, तेंदूच्या फळीवर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु ज्यांचे पोट हातावर आहे अशा माणसांत आमची तीस-पस्तीस वर्षे गेली. तेव्हा हाताविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार आम्हांस असावा, असे आम्ही धरून चालतो.

या प्रदर्शनाची सुरुवात एका अपमानातून झाली. काही वर्षांपूर्वी मोर्चासाठी आम्ही एका मोठ्या शहरी गेलो होतो. मोर्चा दुसऱ्या दिवशी होता. रिकामा वेळ म्हणून सगळ्यांना तेथील वस्तुसंग्रहालय दाखवावयास नेले. आमच्यात एक वृद्ध बुरूड बाई होती. एका दालनात बांबूची सुपे आणि टोपल्या मांडलेल्या होत्या. बाईने सहज हात पुढे केला. सुपाची कड कशी बांधली आहे ते तिला पाहावयाचे होते. रखवालदार ओरडला, ‘हात लावू नका!’ बाईने हात मागे घेतला. बाहेर आल्यावर ती आम्हांस म्हणाली, ‘‘भाऊ, असंच सूप तं मी घरी विणतो. मंग मले काऊन हात लावू देत नाही?’’

या प्रश्नाचे उत्तर आम्हांजवळ नव्हते. रखवालदाराचा दोष नव्हता. हजारो हात लागले तर वस्तू झिजते, हे आम्हांसही समजते. पण जी वस्तू हाताने केली, हातात धरण्यासाठी केली आणि जिचा सारा गुण हातालाच कळतो, ती केवळ डोळ्यांसाठी काचेआड ठेवली की तिचे अर्धे ज्ञान बाहेरच राहते. आणि ते अर्धे ज्याच्यापाशी आहे तो माणूसही बाहेरच राहतो. गावी परतल्यावर हा प्रसंग आम्ही एका चित्रकला-शिक्षकांस सांगितला. ते म्हणाले, ‘‘आपण असे प्रदर्शन करू की जिथे पाहायला बंदी आणि हात लावायला मोकळीक.’’ आमच्या कार्यालयाची मागची खोली रिकामीच होती. अशा रीतीने कामाला आरंभ झाला.

पहिला प्रयत्न साफ फसला. एका लांब टेबलावर आम्ही वस्तू मांडल्या आणि वर पाटी लावली, ‘हात लावून पाहावे’. लोक आले, हात पाठीमागे बांधून टेबलाभोवती फिरले, ‘छान आहे’ म्हणाले आणि गेले. त्यांच्या मनातली जुनी पाटी आमच्या नव्या पाटीपेक्षा बळकट ठरली! मग आम्ही खोकी आणली, त्यांना हात जाईल एवढी भोके पाडली आणि जुन्या सदऱ्यांच्या बाह्या कापून त्या भोकांवर शिवल्या. आता आत काय आहे ते दिसेना. हात घालण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. दुसरी अडचण निराळीच होती. लोक हात घालीत आणि झटकन नाव सांगून मोकळे होत. हा सगळा ओळखा-पाहूचा खेळ होऊन बसला. तेव्हा शिक्षकांनी नियम केला : ‘काय आहे’ ते सांगावयाचे नाही, ‘कसे आहे’ ते सांगावयाचे. शेजारी एक वही ठेवली आणि जो जो शब्द उच्चारला जाईल तो तो लिहून घेण्यास सुरुवात केली.

ती वही हीच आमची पहिली मिळकत होय. खरखरीत, खडबडीत, गुळगुळीत, सुळसुळीत, बुळबुळीत, लुसलुशीत, भुसभुशीत, मऊसूत, राठ, चिवट, चरबट, दाणेदार, टोचरे, चिकट, गार, ऊबदार. मराठीत या शब्दांची किती रेलचेल आहे ती पाहा. त्यांतील पुष्कळसे शब्द नादातूनच जन्मलेले दिसतात. वस्तूवर हात फिरविताना जो आवाज होतो तोच जणू शब्द झाला. आणि या सर्वांना पोटात घेणारा ‘पोत’ हा शब्द आपण कापडाला लावतो, मातीला लावतो, गाण्यातल्या आवाजाला लावतो. शेतकरी मातीचा पोत मुठीत धरून सांगतो. जात्यावरचे पीठ जाड पडले की बारीक ते बाई चिमटीत घेऊन सांगते. म्हणजे ज्याला शहाणे लोक कलाविचार म्हणतात, त्याचा निम्मा शब्दसंग्रह आमच्या शेतात आणि स्वयंपाकघरात आधीपासूनच तयार होता.

आता या विषयाचे शास्त्र काय म्हणते ते थोडक्यात पाहू. जर्मनीत लाइपझिग येथे अर्न्स्ट वेबर नावाचा शरीरशास्त्रज्ञ होऊन गेला. त्याने 1834 साली स्पर्शावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची रीत अगदी साधी होती. कंपासाची दोन टोके कातडीवर टेकवावयाची आणि विचारावयाचे, टोक एक की दोन? बोटाच्या शेंड्यावर दोन टोकांत सुमारे 2 मिलिमीटर अंतर असले तरी माणूस ‘दोन’ म्हणतो. पाठीवर तीच टोके चार सेंटिमीटर दूर असली तरी पुष्कळदा ‘एक’ म्हणतो. आम्ही हा प्रयोग प्रदर्शनात बाभळीच्या दोन बोथट काट्यांनी करून दाखवितो आणि शाळेची मुले त्यावर बेहद्द खूश असतात. पुढे जवळजवळ दोन शतकांनी, 2021 साली, डेव्हिड ज्यूलियस आणि आर्डेम पातापुतियान या दोघांस वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते ऊन-गार आणि दाब ओळखणारे शरीरातील सूक्ष्म ग्राहक शोधून काढल्याबद्दल. ज्यूलियस यांनी या शोधासाठी मिरचीतल्या तिखट द्रव्याचा उपयोग केला. मिरची कांडणाऱ्या आमच्या बायकांना हाताची आग होणे म्हणजे काय ते पूर्वीपासून ठाऊक होते. ती आग का होते याचा उलगडा मात्र आता झाला.

स्पर्शाची कला हीही आम्हीच काढलेली नव्हे. इटलीतील कवी मारिनेत्ती याने 1921 साली स्पर्शकलेचा जाहीरनामा काढला. त्याने एक फळी तयार केली होती. तिच्या एका भागावर स्पंज, काचकागद, लोकर आणि तारेचा ब्रश, तर दुसऱ्या भागावर रेशीम, मखमल आणि पिसे. हात फिरविला की एका देशातून दुसऱ्या देशात प्रवास घडावा, अशी त्याची कल्पना होती. पुढे हा गृहस्थ फॅसिस्टांच्या कळपात रमला. पण कल्पना चांगली होती हे मान्य केले पाहिजे. त्याच दशकात जर्मनीतील बाउहाउस या विद्यालयात मोहोली-नॉज नावाचे शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांकडून स्पर्शाचे तक्ते करवून घेत. चित्रकार, सुतार किंवा विणकर होण्यापूर्वी विद्यार्थ्याची बोटे जागी झाली पाहिजेत, असा त्यामागे हेतू होता. 1933 साली नाझींच्या दडपणामुळे हे विद्यालय बंद पडले.

परंतु आमच्या मनाला सर्वांत भिडली ती लुई ब्रेलची हकीकत. त्याचा बाप फ्रान्समधील एका खेड्यात घोड्यांचे खोगीर-लगाम शिवणारा कारागीर होता. लहानग्या लुईने बापाच्या दुकानात आरीशी खेळताना डोळा गमावला. पुढे दुसराही गेला. हाच मुलगा 1824च्या सुमारास, पंधराव्या वर्षी, सहा टिंबांची लिपी सिद्ध करतो. आणि ती टिंबे कागदावर उठवितो ती आरीसारख्याच टोकदार हत्याराने. बापाच्या हत्याराने डोळे नेले आणि तशाच हत्याराने वाचन दिले. कारागिराच्या घरी जन्मलेल्या मुलालाच हे सुचावे, यात आम्हांस नवल वाटत नाही. आपल्याकडे भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल लिपी 1951 साली मान्य झाली.

हे झाले जगाचे. आता आमची खोकी उघडून दाखवितो. कारण त्यांत आमच्या दोन जिल्ह्यांचा इतिहास आहे. दोन जिल्हे म्हणावयाचे ते 1982 पासून. त्यापूर्वी चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून एकच अफाट जिल्हा होता, आणि 1964 पर्यंत त्याचे नाव चांदा असे होते.

पहिले खोके दगडाचे. खरे म्हणजे येथे आम्हांस सिरोंचाजवळील वडधमच्या अश्मीभूत झाडाचा तुकडा ठेवावयाचा होता. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे ते खोड पाहिले की डोळा लाकूड म्हणतो आणि हात दगड म्हणतो. पण तो तुकडा उचलणे गुन्हा आहे. म्हणून नदीकाठचा एक साधा वाळूचा दगड ठेवला आणि सोबत मार्कंड्याची गोष्ट लिहिली. चामोर्शी तालुक्यात वैनगंगा जेथे उत्तरेकडे वळते, तेथे मार्कंडेश्वराचा मंदिरसमूह उभा आहे. भिंतींवर मूर्तींच्या ओळींमागून ओळी. ज्या पाथरवटांनी त्या घडविल्या त्यांतील एकाचेही नाव सामान्य यात्रेकरूस ठाऊक नाही. पण मूर्तीचा गाल गुळगुळीत झाला की नाही हे त्याने शेवटी कशाने ठरविले असेल? डोळ्याने नव्हे, अंगठ्याच्या पोटाने. आज महाशिवरात्रीस लाखो माणसे ज्या कामापुढे हात जोडतात, त्या कामावरचा अखेरचा निर्णय एका निनावी अंगठ्याचा आहे.

चंद्रपूर शहरात लालपेठ भागात याहून चमत्कारिक देखावा आहे. रायप्पा नावाच्या कोमटी गृहस्थाने देवालय बांधण्याच्या हेतूने प्रचंड शिल्पे कोरून घेतली. त्यांतील सर्वांत मोठे सुमारे 26 फूट लांबीचे आहे. पण देवालय काही झाले नाही. शिल्पे जमिनीवर राहिली आणि लोक त्या जागेला ‘अपूर्ण देवालय’ म्हणू लागले. गाभारा झाला असता तर त्यांच्याजवळ कोणी जावे आणि कोणी जाऊ नये, याचे नियमही आपोआप झाले असते. गाभारा झाला नाही, म्हणून हे देव सर्वांपासून हातभर अंतरावर राहिले. हा मुद्दा ध्यानात ठेवावा. त्याच्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

दुसरे खोके बांबूचे. त्यात दोन तुकडे आहेत, एक कोवळ्या बांबूचा आणि एक जुन्याचा. कोवळ्यावर पांढरी भुकटी असते, हात घसरतो. जून झाला की तो कोरडा आणि राठ लागतो. कोणता तोडावयाचा आणि कोणता राखावयाचा, हे चांगला तोड्या हात फिरवून आणि कोयत्याची पाठ ठोकून सांगतो. या बांबूचा इतिहास मोठा आहे. 1927च्या वन कायद्याने बांबू हे ‘झाड’ ठरले आणि झाड सरकारचे झाले. निस्तारात मिळेल तेवढ्यावर बुरुडाने भागवावयाचे. 1945 साली बल्लारपुरास कागद गिरणीची स्थापना झाली आणि जंगलातला बांबू तिकडे जाऊ लागला. 2006च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले. त्या कायद्याखाली धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतुकीचे पासपुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. ज्या दिवशी ते पुस्तक गावाच्या हाती पडले, त्या दिवशी बांबूचा स्पर्शही बदलला, असे आम्ही म्हणतो. तोच बांबू, तेच कूस. पण चोरून धरलेली वस्तू आणि हक्काने धरलेली वस्तू हाताला सारखी लागत नाही.

तिसऱ्या खोक्यात तेंदूची पाने आहेत. उन्हाळ्यात पहाटे अंधार असतानाच बाया जंगलात शिरतात. पान फार कोवळे नको, जून नको, भोकाचे नको. उजाडण्याआधी ही निवड बोटेच करतात. दुपारी घरची सगळी माणसे बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी ते फळीवर मोजून देतात. पान उलटसुलट धरले तर दोन्ही बाजूंचा पोत निराळा लागतो. आम्ही खोक्यात सत्तर पानांचा एक पुडा आणि अडुसष्टांचा एक असे ठेवले होते. गावातल्या सुशिक्षितांस फरक कळला नाही. एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने दोन्ही हातांत तोलून कमी कोणता ते क्षणात सांगितले. तिच्या या विद्येला प्रमाणपत्र कोण देणार?

चौथे खोके कोशाचे. आमच्याकडे ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे पोसण्याचे काम ढीवर समाजातील माणसे करीत आली आहेत, आणि आरमोरीचा कोसा प्रसिद्ध आहे. आत एक कडक, सुपारीसारखा लागणारा कोष आणि शेजारी कोशाचे विणलेले कापड आहे. या दोहोंच्या मध्ये काय घडते ते पाहणाऱ्यास ठाऊक नसते. मध्य भारतातील कोसा-पट्ट्यात शिजवलेल्या कोषांचे तंतू ओढून बायका उघड्या मांडीवर पीळ देत धागा वळीत आल्या. वर्षानुवर्षे तेच केल्याने मांडीचे कातडे सोलवटते. हे थांबावे म्हणून अलीकडे कताईची छोटी यंत्रे देण्याचा प्रयत्न सरकारने चालविला आहे. मऊ रेशमावरून हात फिरविताना तो मऊपणा कोणाच्या कातडीच्या मोलाने आला, हे कळावे, एवढ्यासाठीच हे खोके आहे.

पाचव्या खोक्यात हात घालावयाचा नाही. त्यावर एक भिंग आणि शाईचा पॅड ठेवला आहे. येणाऱ्याने अंगठा उठवावा आणि भिंगातून पाहावा. 1858 साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अंमलदाराने एका ठेकेदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला. तेथून अंगठ्याच्या ठशाचे आधुनिक शास्त्र सुरू झाले. म्हणजे ही विद्या सरकारदरबारी रुळली ती आपल्याच देशात, आणि तीही एका ठेक्याच्या करारातून. शाळामास्तर, दुकानदार, कारकून यांचे ठसे आमच्या वहीत कसे सुंदर उठले आहेत! बांबू तोडणाऱ्यांचे आणि दगड फोडणाऱ्यांचे ठसे पाहावेत तर नुसते काळे डाग. कामाने रेषा झिजून गेल्या. धान्य घेताना यंत्रावर अंगठा टेकवावा आणि यंत्राने ओळख नाकारावी, हा अनुभव आमच्या अनेक सभासदांस आहे. ज्याने जन्मभर हाताने काम केले त्यालाच यंत्र म्हणते की तुझा हात पटत नाही. वस्तूला पोत असतो तसा हातालाही पोत असतो, आणि वस्तूचा पोत चांगला करता करता हाताचा पोत जातो. हा आमच्या प्रदर्शनाचा गाभा होय.

येथवर आम्ही सहज आलो. पुढचे सांगणे कठीण आहे, कारण त्यात आमची स्वतःची चूक आहे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आमचा एक सहकारी होता. तेंदूच्या हंगामात त्याच्यासारखा संघटक नव्हता. एके दिवशी कार्यालयात बोलता बोलता त्याच्या बोटांतली बिडी जळत जळत कातडीपर्यंत आली आणि त्याला ते कळले नाही. मांसाचा वास आम्हांस आला, त्याला नाही. मनगटावर एक फिकट चट्टाही आम्ही पाहिला. या जिल्ह्यात राहणाऱ्यास त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. आम्ही त्याला दवाखान्यात जाण्यास सांगितले, एवढे बरोबर केले. पण त्याच वेळी टेबलावरचा आपला पाण्याचा पेला आम्ही हळूच बाजूला सरकविला; आणि तो जावयास निघाला तेव्हा रोजच्याप्रमाणे त्याच्या हातात हात दिला नाही. त्याने पेलाही पाहिला आणि हातही पाहिला. औषधोपचार पुरा करून तो बरा झाला. पण पुष्कळ वर्षे संघटनेकडे फिरकला नाही.

कुष्ठरोग म्हणजे स्पर्शाचाच रोग होय, आणि दोन्ही अर्थांनी. नॉर्वेमधील हॅन्सनने 1873 साली त्याचे जंतू दाखविले. ते जंतू मज्जातंतूंस ग्रासतात आणि हातापायांची जाणीव जाते. बोटे ‘झडतात’ ती जंतूंनी खाऊन नव्हे. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, वेदनाच कळत नसल्यामुळे भाजणे, कापणे, घासणे चालूच राहते आणि त्या जखमांनी हाताची नासाडी होते. तेथे रोग्यांना सुतारकाम शिकविताना हत्यारांच्या मुठी मुद्दाम बदलाव्या लागल्या, कारण मूठ किती घट्ट धरली आहे हेच त्या हातांना समजत नसे. वेदना ही आमची राखणदार आहे, हे आम्हां निरोगी माणसांस असे उलट्या बाजूने कळते. आणि दुसऱ्या अर्थाने म्हणावयाचे तर, रोग्याच्या हाताचा स्पर्श जाण्यापूर्वीच समाजाचा स्पर्श त्याला सोडून जातो.

हे ज्यांनी ओळखले ते बाबा आमटे आमच्याच भागात, वरोऱ्यास, वकिली करीत. ते तेथील नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते आणि सफाई कामगारांच्या संघटनेचे काम पाहत होते. कामगारांचे दुःख अंगावर घ्यावे म्हणून त्यांनी स्वतः मैला वाहिला. म्हणजे ते आमच्याच धंद्यातले, असे म्हणण्याचा मोह आम्हांस होतो. एका पावसाळी रात्री रस्त्याच्या कडेला शेवटच्या अवस्थेतला तुळशीराम त्यांना दिसला, आणि न भिणारा हा माणूस भिऊन पळाला. मग त्या भीतीचीच लाज वाटून परत आला आणि त्याने त्याची शुश्रूषा केली. 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि 1951 साली विनोबांच्या हस्ते आनंदवनाचा आरंभ झाला. सुरुवातीस तेथील भाजीपाला घ्यावयास लोक कचरत. त्याच संवेदनाशून्य हातांनी तेथे विहिरी खणल्या गेल्या, माग चालले, सतरंज्या आणि कपडे विणले गेले. आणि 1964च्या सुमारास निरोगी मुलांसाठी महाविद्यालय उभे राहिले. ज्याच्या बोटांना सुताचा ताण कळत नाही तो विणकर डोळ्यांनी ताण पाहतो. म्हणजे आंधळा बोटांनी वाचतो त्याच्या नेमके उलट. सहाव्या खोक्यात आनंदवनातल्या मागावरचा एक टॉवेल आहे. तो हाताला इतर कोणत्याही टॉवेलासारखाच लागतो. आणि तेच आम्हांस दाखवावयाचे आहे.

स्पर्शाचा इतिहास सांगावयाचा आणि अस्पृश्यतेचा उल्लेख टाळावयाचा, हे महाराष्ट्रात शक्य नाही. आमच्या देशाने स्पर्शावरच समाजाची विभागणी केली. पाणी हे पाणीच. पण कोणाच्या ओंजळीने ते बाटते यावर 20 मार्च 1927 रोजी महाडास लढा द्यावा लागला. पंढरपूरच्या विठ्ठलाच्या पायांवर डोके टेकविणे हा वारकऱ्याच्या आयुष्यातला परम स्पर्श. तो सर्वांस मिळावा म्हणून 1947च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावे लागले. लालपेठचे गाभारा नसलेले देव आम्हांस आठवतात ते येथे. संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, 1955 साली तिच्याविरुद्ध कायदा झाला. आणि 16 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, डॉ. आंबेडकरांनी आमच्या चंद्रपुरात हजारोंना धम्मदीक्षा दिली. तिकडे कुष्ठरोग्यांना वेगळे कोंडण्याचा 1898चा कायदा रद्द होण्यास 2016 साल उजाडावे लागले, आणि जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून गेले ते 2019 साली. कायद्याची पाने बदलली. हात अजून पुरते बदललेले नाहीत, हे आम्ही स्वतःवरून सांगतो.

आता शेवटचे, सातवे खोके. प्रदर्शनाची बातमी ऐकून तो आमचा जुना सहकारी एके दिवशी आला. सगळी खोकी त्याने पाहिली. उजव्या हाताला फारसे कळत नाही म्हणून डाव्या हाताने पाहिली. मग म्हणाला, ‘‘भाऊ, एक खोकं रिकामं ठेवा. त्याले दोन्हीकून बाह्या लावा. एकीकून लोकं हात घालतीन, दुसरीकून मी.’’ कार्यकारिणीत यावर दोन बैठका वादावादी झाली. कोणी म्हणाले, लोकांना आधी सांगू नये. कोणी म्हणाले, हा त्याचा तमाशा होईल. निर्णय त्याच्यावरच सोपविला. त्याने सांगितले, ‘‘सांगूनच टाका. चोरून घेतलेला हात मले नको.’’ म्हणून त्या खोक्यावर पाटी आहे : ‘पलीकडे कुष्ठरोगातून बरा झालेला एक कामगार बसला आहे. हा रोग औषधाने पूर्ण बरा होतो आणि बऱ्या झालेल्या माणसापासून तो पसरत नाही. इच्छा असल्यास हात द्यावा.’

पहिल्या दिवशी पुष्कळ लोक पाटी वाचून पुढे गेले. काहींनी बाहीत हात घातला आणि अर्ध्यातून काढून घेतला. पहिला हात पूर्ण आत गेला तो त्या बुरूड बाईचा. पलीकडचा हात तिने बराच वेळ धरून ठेवला, आणि वहीत लिहिण्यासाठी शब्द विचारला तेव्हा म्हणाली, ‘‘माह्या हातासारकाच राठ हाय.’’ दुसरा हात आमचा होता. पंचवीस वर्षे उशिरा का होईना, तो आम्ही दिला. त्याने तो ओळखला की नाही, हे आम्ही विचारले नाही.

श्रोतेहो, आमच्या पूर्वेकडील या जिल्ह्यांत कुष्ठरोगाचे नवे रोगी आजही सापडतात. फिकट चट्टा असेल आणि त्यावर कापसाचा स्पर्श किंवा पेनचे टोक कळत नसेल, तर आपल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात जावे. औषध मोफत आहे. एवढी सूचना कर्तव्य म्हणून केली. बाकी आमचे प्रदर्शन ही व्याख्यानमाला चालू असेपर्यंत शेजारच्या खोलीत रोज सायंकाळी उघडे राहील. शुल्क नाही. चपला बाहेर काढाव्यात, हात मोकळे ठेवावेत, आणि वहीत एखादा असा शब्द लिहून जावे की जो अजून कोणी लिहिलेला नाही.